मंडईतील दोन नावे

गावाला वेशी कितीही असोत, गावाचा मध्य एकच असतो, आणि तो बहुधा बाजारात असतो. देवळात ज्याचा त्याचा देव निराळा, कचेरीत ज्याचे त्याचे काम निराळे. पण मीठमिरची सर्वांनाच लागते. आमच्या वैरागच्या आठवड्याच्या बाजारात मी लहानपणापासून पाहत आलो आहे, की जी माणसे एरवी एकमेकांच्या उंबऱ्याशी जावयाची नाहीत, तीच एका पाटीपुढे शेजारी शेजारी उकिडवी बसून वांगी निवडतात, आणि भाव करताना एकमेकांची बाजूही घेतात. बाजार हा माणसांना असा एका पातळीवर बसवतो.

आपल्या पूर्वजांनी ही गोष्ट ओळखली होती. चार रस्ते जेथे मिळतात त्या जागेस संस्कृतात 'चतुष्पथ' म्हणतात. आणि तिलाच 'शृंगाटक' असाही एक गमतीचा शब्द आहे. शृंगाटक म्हणजे शिंगाडा. शिंगाड्याला जशी टोके फुटतात तशा वाटा फुटलेली जागा, ती शृंगाटक. सुटीत आळीतील मुलांना अमरकोश सांगताना हा शब्द आला, की मी खिशातून एक शिंगाडा काढून पाटावर ठेवीत असे. शब्द मग कोणी विसरत नसे. आपला 'चव्हाटा' हा शब्दही 'हट्ट' म्हणजे बाजार याच शब्दाशी नाते सांगतो. मृच्छकटिकातील चारुदत्त दारिद्र्यात असतानाही मैत्रेयाला चव्हाट्यावर जाऊन मातृकांना बळी ठेवावयास सांगतो. कौटिल्याने तर बाजारासाठी निराळे अधिकारीच सांगितले आहेत: पण्याध्यक्षाने मालावर नजर ठेवावी, आणि पौतवाध्यक्षाने वजने व मापे खरी आहेत की नाहीत ते पाहावे. तात्पर्य, चव्हाटा ही जागा पवित्रही होती आणि हिशेबाचीही होती.

विलायतेत या मध्याला दगडाची खूण करण्याची चाल होती. मध्ययुगात तेथील बाजारगावांच्या चौकात क्रूस उभारीत व त्यास 'मार्केट क्रॉस' म्हणत. त्याखाली सौदे होत, डांगोरा पिटला जाई, राजाज्ञा वाचल्या जात. कालांतराने क्रुसाखाली छत्री आली. ससेक्स परगण्यातील चिचेस्टर गावी १५०१ साली बिशप एडवर्ड स्टोरी याने एक अष्टकोनी दगडी छत्री बांधली. तिचा हेतू असा, की गोरगरीब विक्रेत्यांना बाजारकर न देता आडोशाला बसून आपला माल विकता यावा. माल्म्सबरी गावी पंधराव्या शतकाच्या अखेरची अशीच एक अष्टकोनी छत्री आहे. सोळाव्या शतकात तेथे गेलेल्या जॉन लेलंड नावाच्या विद्वान प्रवाशाने, पाऊस आला असता गरीब बाजारकऱ्यांना कोरडे उभे राहता यावे म्हणून ती बांधली, असे लिहून ठेवले आहे. बॅनबरीचा क्रॉस तर इंग्रजी बालगीतामुळे आपल्याकडील मुलांनाही ऐकून ठाऊक असतो. तेथील मूळ क्रॉस १६०० च्या सुमारास प्युरिटन पंथाच्या लोकांनी पाडून टाकला. हल्लीचा क्रॉस व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या कन्येच्या विवाहाप्रीत्यर्थ १८५९ मध्ये उभारलेला आहे. गाव तेच, बाजार तोच. परंतु खुणेचे निमित्त बदलले. बाजारातील स्मारके ही अशी बदलणाऱ्या काळाबरोबर बदलत असतात, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आपल्याकडे चौकात क्रूस नव्हता, पार होता. पेठ वसवावयाची झाली म्हणजे सरकारातून कौल मिळे, शेटे व महाजन हे वतनदार पेठेची व्यवस्था पाहत, आणि उदमी, कारागीर येऊन आपापली घरे बांधीत. पुण्याच्या पेठांना वारांची नावे आहेत हे सर्वश्रुतच आहे. परंतु बाजाराच्या मध्यभागी एखाद्या माणसाची आठवण म्हणून काही उभारावे, ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमलातच रुजली. आणि ती महाराष्ट्रात जेथे सर्वांत अधिक रंगली, ती जागा म्हणजे पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडई.

या मंडईविषयी लिहावयाचे कारण माझी नात. ती पुण्यास शिकते. सुटीत वैरागला आली असता एके दिवशी जेवताना तिने सहज विचारले, "आजोबा, मंडईला नाव फुल्यांचे आणि मंडईपुढे पुतळा टिळकांचा, असे कसे? दोघांचे तर पटत नव्हते ना?" पंगतीत क्षणभर कोणी बोलले नाही. आमच्या घरात एकत्र कुटुंबाची तीन पिढ्यांची माणसे आहेत, आणि या प्रश्नावर त्या तिन्ही पिढ्यांची मते तीन आहेत. मी म्हटले, "बाई, याचे उत्तर एका घासात देता येण्यासारखे नाही." ते उत्तर मी पुढील काही दिवसांत तिला तुकड्यातुकड्यांनी सांगितले. तेच येथे एकत्र करून वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम मंडई. ही इमारत होण्यापूर्वी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढील उघड्या पटांगणात भरत असे. ऊन, पाऊस, चिखल, सर्व काही उघड्यावर. नगरपालिकेने बंदिस्त मंडई बांधण्याचे ठरवले. शुक्रवार पेठेत सरदार खासगीवाले यांची जागा घेण्यात आली. आखणी वॉल्टर ड्यूकॅट या लष्करी इंजिनियराची, बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. १८८६ मध्ये ती उघडली, आणि त्या वेळचे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला 'रे मार्केट' असे नाव पडले. मध्ये अष्टकोनी उंच मनोरा, त्यापासून आठ दिशांना फुटलेल्या ओळी, आणि सर्व घाट गॉथिक. चिचेस्टरच्या छत्रीचे चित्र आणि मंडईचे चित्र शेजारी ठेवून पाहावे. आठ कोन दोहोंनाही आहेत. फरक एवढाच, की तेथील छत्री गरिबाला करमुक्त आडोसा म्हणून बांधली गेली, आणि येथे गाळ्याचे भाडे होते. त्यामुळे जुनी जागा सोडून नव्या इमारतीत जावयास विक्रेते प्रथम राजी नव्हते, यात नवल नाही.

या मंडईच्या खर्चाला नगरपालिकेतील ज्या सभासदांनी विरोध केला, त्यांत जोतीराव गोविंदराव फुले हे होते. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते सरकारनियुक्त सभासद होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की नगरपालिकेजवळ पैसा थोडा आहे. तो अगोदर शाळांवर, गोरगरिबांच्या सोयीवर खर्चावा. दगडी वैभव मागाहून. याच भूमिकेने १८८० मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला असता, बत्तीस सभासदांत एकट्या फुल्यांनी विरुद्ध मत दिले. ते पैसे शिक्षणाकडे लावा, एवढेच त्यांचे मागणे होते. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या मुख्य अधिकाऱ्याच्या स्वागताला नको म्हणावयाचे, याला त्या काळी किती धैर्य लागत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. मंडईला विरोध करणारा हा गृहस्थ भाजीबाजाराला परका नव्हता. तो बाजारातीलच होता. त्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे, गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पेशव्यांना फुले पुरवण्याच्या कामावरून 'फुले' हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव मळा करीत व फुले-भाजीचा धंदा करीत. जोतीरावांनी स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतली होती, तेव्हा दगड, चुना आणि मजुरी यांचे भाव त्यांना तोंडपाठ असणार. १८८३ मध्ये लिहून पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या पुस्तकात, शेतकरी शहरात भाजीपाला घेऊन येतो तेव्हा जकात, दलाली आणि गाडीभाडे देता देता त्याच्या पदरात काय उरते, हे गाऱ्हाणे त्यांनी मांडले आहे. तेव्हा त्यांचा विरोध मंडई नको म्हणून नव्हता. ज्याचा माल विकला जातो त्याच्या मुलाला अक्षर येत नाही, आणि त्याच्यावरच्या करातून मनोरा उभा राहतो, हा हिशेब त्यांना पटत नव्हता.

आता 'रे' या नावाकडे वळू. मुंबईस १८६९ मध्ये विल्यम एमर्सन याच्या आखणीप्रमाणे एक मोठी मंडई उभी राहिली. तिला मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव मिळाले. हेच क्रॉफर्डसाहेब पुढे मध्य विभागाचे कमिशनर होऊन पुण्यास आले, आणि १८८८ मध्ये लाचलुचपतीच्या प्रकरणात सापडले. त्यांची चौकशी ज्यांच्या सरकारने लावली, ते गव्हर्नर म्हणजे हेच लॉर्ड रे. त्या चौकशीत ज्या मामलेदारांनी अभय घेऊन साक्षी दिल्या, त्यांच्यावर पुढे गदा येऊ लागली, तेव्हा सरकारने दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांची बाजू घेऊन उभे राहिलेले गृहस्थ बाळ गंगाधर टिळक. मुंबईच्या मंडईचे क्रॉफर्ड, पुण्याच्या मंडईचे रे, आणि पुढे पुण्याच्या मंडईपुढे ज्यांचा पुतळा झाला ते टिळक, असे तिघे एकाच प्रकरणात आले! आणि कालचक्राची गंमत अशी, की आज मुंबईची क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्याची रे मार्केट या दोन्ही मंडयांना एकाच माणसाचे नाव आहे. आणि ते या दोघा साहेबांपैकी कोणाचेही नाही.

टिळकांचे देहावसान १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस झाले. त्यांचा पुतळा पुण्यास कोठे उभारावा, तर मंडईपुढे. न. चिं. केळकर हे त्या काळी नगरपालिकेचे अध्यक्ष होते. २२ जुलै १९२४ रोजी पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. बरोबर सोळा वर्षांपूर्वी, २२ जुलै १९०८ च्याच रात्री, मुंबईच्या हायकोर्टात टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली होती. लोकमान्यांना सरकारने ज्या तारखेस दूर लोटले, त्याच तारखेस पुण्याने त्यांना बाजाराच्या मध्यभागी आणून उभे केले. जागेची निवडही अर्थपूर्ण होती. 'तेल्यातांबोळ्यांचे पुढारी' ही पदवी विरोधकांनी टिळकांना हिणवण्यासाठी दिली, आणि त्यांनी ती भूषण म्हणून मिरवली. अशा पुरुषाचा पुतळा वाचनालयापुढे नव्हे, तर भाजीच्या पाट्यांपुढेच शोभतो.

मंडईचे आणि पुतळ्याचे नाते तेव्हापासून जडले ते आजतागायत. अनंत चतुर्दशीस पुण्याच्या विसर्जनाच्या मिरवणुकीला आरंभ होतो तो या पुतळ्याला हार घालूनच. मंडईत राजकारणापासून कांद्याच्या भावापर्यंत ज्या चर्चा चालत, त्यांवरून पुणेकरांनी विनोदाने 'मंडई विद्यापीठ' हा शब्द पाडला. घाऊक बाजार पुढे गुलटेकडीस गेला, २०२४ पासून मंडईच्या पोटाखालून भुयारी रेल्वेही धावू लागली. तथापि कोथिंबिरीची जुडी निवडणाऱ्या गृहिणीला आजही त्या मेघडंबरीवरूनच दिशा सांगतात.

यापुढील हकीकत आपल्या समाजातील घरांत फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती मी मुद्दाम सांगतो. टिळकांचा पुतळा झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९२५ मध्ये, केशवराव जेधे यांनी पुणे नगरपालिकेत जोतीरावांचा पुतळा उभारण्याची सूचना आणली. तिला कडाडून विरोध झाला आणि ती बारगळली. विरोधात आपली मंडळी पुढे होती, हे सत्य झाकण्यात अर्थ नाही. त्या रागाच्या भरात 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक निघाले. दिनकरराव जवळकर यांनी ते लिहिले, आणि त्यात टिळक व विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर जहरी टीका होती. खटला झाला, शिक्षा झाल्या. अपिलात आरोपींच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि १९२६ मध्ये त्यांची सुटका झाली. त्या वादात दोन्हीकडून जी भाषा झाली, ती आज घरातील मुलांपुढे मोठ्याने वाचवत नाही. पुतळा एकाचा झाला, दुसऱ्याचा नाकारला गेला, आणि गावाच्या मध्यात एक सल राहिला.

परंतु माणसे बदलतात. हेच जेधे पुढे काँग्रेसमध्ये आले, आणि काकासाहेब गाडगीळ यांच्याबरोबर खांद्याला खांदा लावून त्यांनी काम केले. 'जेधे-गाडगीळ' ही जोडी महाराष्ट्राच्या राजकारणात गाजली. आणि तिसाच्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत गेले, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून 'महात्मा फुले मंडई' असे झाले. अत्रे हे सासवडचे, देशस्थ ब्राह्मण. जी गोष्ट १९२५ मध्ये आपल्याच लोकांनी अडवली, ती दहापंधरा वर्षांत आपल्यातीलच एकाच्या हातून झाली. ज्या इमारतीवरील खर्चाला जोतीरावांनी नको म्हटले, त्याच इमारतीला त्यांचे नाव लागले, याला कोणी विसंगती म्हणेल. मला ती गोष्ट न्यायाची वाटते. ज्याने गावाला आपल्या खर्चाचा हिशेब विचारला, त्याचे नाव गावाने हिशेबाच्याच जागी लिहून ठेवले.

नातीचा खरा प्रश्न मात्र अजून राहिलाच होता: दोघांचे पटत नव्हते ना? मतांचे म्हणाल तर नव्हते. धर्म, जाती, स्त्रियांचे शिक्षण, या विषयांत दोघांच्या वाटा अगदी निराळ्या, आणि दोघांच्याही लेखणीला धार. परंतु १८८२ सालची एक हकीकत प्रत्येक घरात सांगितली गेली पाहिजे. कोल्हापूरच्या छत्रपतींना दिवाण महादेव वासुदेव बर्वे यांच्याकडून छळ सोसावा लागतो, असे लेख 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत आले. बर्व्यांनी फिर्याद केली. टिळक तेव्हा पंचवीस वर्षांचे, आगरकरही त्याच वयाचे. दोघेही नुकतीच शाळा व वृत्तपत्रे काढून बसलेले, घरी पैशांची वानवा. जामिनाची रक्कम मोठी होती. त्या वेळी जोतीरावांनी आपले स्नेही रामशेट बापूशेट उरवणे यांना सांगून दहा हजार रुपयांचा जामीन मिळवून दिला. पुढे दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटल्यावर त्यांचा जो सत्कार झाला, त्यात सत्यशोधक समाजाची मंडळीही होती. ज्या तरुणांची मते आपल्याला मान्य नाहीत, त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या दाराशी जाऊन शब्द टाकणे, हे लहान मनाच्या माणसाचे काम नव्हे. मंडईपुढील पुतळ्याच्या मूळ पुरुषावर मंडईच्या नावाच्या धन्याचे हे उपकार आहेत. दोघे एका जागी आले, यात अनुचित काही नाही. किंबहुना जुना हिशेब जुळला असेच म्हणावयाचे.

हे सर्व ऐकून नातीने काय करावे? पुण्यास परत जाण्यापूर्वी तिने जोतीराव व सावित्रीबाई यांचे एकत्र चित्र चौकटीत घालून आणले, आणि माजघरात लोकमान्यांच्या तसबिरीशेजारी खिळा मागितला. आमच्या घरातील सर्वांत वडील माणूस म्हणजे काकू. वय पंच्याऐंशीच्या पुढे. लोकमान्यांची ती तसबीर त्यांच्या सासऱ्यांनी लावलेली. दरवर्षी १ ऑगस्टला त्या स्वतः तिला हार घालतात. त्या मला म्हणाल्या, "अरे, त्यांनी आपल्या लोकांना काय काय म्हटले आहे, ते तू वाचले आहेस ना? मग हे या घरात कसे चालेल?"

प्रश्न रास्त होता आणि तो टाळण्यासारखा नव्हता. मी म्हटले, "काकू, वाचले आहे. शब्द कठोर आहेत. काही ठिकाणी मला ते सर्वांवर सारखे लागू वाटत नाहीत. परंतु १८४८ साली बुधवार पेठेत त्यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा जागा तात्यासाहेब भिड्यांनी आपल्या वाड्यात दिली. त्यांचे जिवलग मित्र सदाशिवराव गोवंडे आणि मोरोपंत वाळवेकर. ही सर्व आपलीच माणसे. त्यांना ते शब्द ऐकू येत नव्हते असे थोडेच आहे? त्यांनी शब्दांमागचे दुःख ऐकले. तुम्ही स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलात, आमच्या मुलींना शिकवलेत; त्या वाटेवरील पहिला दगड कोणी बसवला, ते तरी मानावयास हवे."

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. घरातील दोन मंडळी माझ्या विरुद्ध बोलली, दोन माझ्या बाजूने. कोणी म्हणाले, पुस्तकातील वाद माजघरात कशाला? कोणी म्हणाले, माजघरात मिटत नाही तो वाद पुस्तकात कसा मिटेल? शेवटी काकूंनीच निवाडा दिला. "शेजारी नको. समोरच्या भिंतीवर लाव. दोघांचे पटत नव्हते म्हणतोस ना, मग समोरासमोर असू देत. बोलायला बरे पडेल." तसे चित्र लागले. काकूंचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. त्यांनी जागा दिली, एवढेच. परंतु एकत्र कुटुंबात मत बदलण्यापेक्षा जागा देणे हीच मोठी गोष्ट असते, हे अशा घरांत वाढलेल्या वाचकांना सांगावयास नको.

पुण्याचा वाद आमच्या भागास परका वाटेल, म्हणून आमच्याच जिल्ह्याचे एक उदाहरण देतो. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची वार्ता आली आणि सोलापूर पेटले. गोळीबार झाला, जाळपोळ झाली, आणि १२ मे पासून ३० जूनपर्यंत शहरावर लष्करी कायदा होता. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. चार आडनावे वाचली तरी सोलापूरच्या बाजारपेठेतून फेरी मारल्यासारखे वाटते. शहराच्या मध्यवर्ती चौकात त्या चौघांचे पुतळे एकत्र उभे आहेत, आणि चौकाला नाव 'चार हुतात्मा'. कोणाला पुढे उभे करावे, कोणाला मागे, असा वाद मी आजवर ऐकला नाही. मृत्यूने त्यांना एका पंगतीस बसवले, आणि गावाने ती पंगत मोडली नाही. पुण्याच्या दोघांना एका पंगतीस बसवावयाला मात्र काळाला अर्धशतक लागले. तरी बसवले, हे महत्त्वाचे.

देवळातील मूर्तीपुढे माणूस हात जोडतो आणि डोळे मिटतो. बाजारातील स्मारकापुढे डोळे उघडे ठेवावे लागतात. तेथे पाठीमागून गाडी येते, शेजारी कोणी भाव करीत असते, पायाखाली भाजीचा पाला असतो. म्हणूनच तेथे उभारलेल्या नावाला प्रश्न विचारता येतो: तू या गावासाठी काय केलेस, आणि गावाने तुझे काय देणे ठेवले? अशा प्रश्नांना भिऊ नये. व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि खर्च समोरासमोर लिहितात. एक पान फाडले तर वही खोटी होते. गावाच्या आठवणींचेही तसेच आहे. टिळकांचे पान ठेवून फुल्यांचे फाडावे, किंवा फुल्यांचे ठेवून टिळकांचे फाडावे, असे म्हणणारे लोक दोन्ही बाजूंस आहेत आणि राहतील. आपल्या घरातील मुलांच्या हाती मात्र सबंध वही द्यावी.

आणि शेवटी एक साधी गोष्ट. ज्या बिशपाने चिचेस्टरची छत्री बांधली, त्याचे नाव तेथील किती भाजीवाल्यांना ठाऊक होते कोण जाणे. परंतु पाच शतके लोक त्या छत्रीचा आडोसा घेत आले. पुण्यास जाणाऱ्या वाचकांनी मुलांना अवश्य मंडईत न्यावे, मनोरा दाखवावा, पुतळा दाखवावा, दोन्ही नावांची हकीकत सांगावी. मग बाहेर ओट्याच्या कडेला ऊन चुकवीत बसलेल्या एखाद्या म्हातारीकडून मेथीची जुडी घ्यावी, आणि शेवटच्या दोन रुपयांसाठी तिच्याशी घासाघीस करू नये. एकाने तिच्या मुलांसाठी शाळा मागितली, दुसऱ्याने तिच्यासारख्यांना राजकारणात आणले. तिच्या पाटीतील माल दिवस मावळण्यापूर्वी रास्त भावाने संपला, तर दोघांपैकी कोणालाही त्याचे वाईट वाटणार नाही.